गाडी मेहुण्याच्या नावावर

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. खुनी माणूस बहुतेक वेळा रागाच्या भरात वार करतो आणि नंतर गुडघ्यात मान घालून बसतो. त्याचा राग फार दिवस टिकत नाही. पण या प्रकरणात रागाच्या भरात कोणी काहीच केलं नव्हतं. चांगल्या घरातली माणसं, सोप्यात बसून, चहा पीत, शांत डोक्याने एका निरपराध पोराला परक्या देशातल्या तुरुंगात ठेवायला तयार झाली होती. आणि वर त्यालाच ‘घर सांभाळणं’ म्हणत होती.

नावं कोणाचीच देणार नाही. देशाचंही नाही. आखातातला एक देश, एवढं पुरे.

मी तेव्हा कराडला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून, बंदोबस्ताची माणसं वाटून मी खोलीत येऊन बसलो होतो. ठाणे अंमलदार आत आले आणि म्हणाले, “साहेब, पलूसकडचे एक सुभेदार आलेत. तुमची ओळख सांगतात.”

ओळख खरी होती. मी पलूसला असताना गणपतीच्या मिरवणुकीत तंटा झाला, तेव्हा याच निवृत्त सुभेदारांनी दोन्ही मंडळांची पोरं आवरली होती. उसाची थोडी शेती, दोन मुलं, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खुर्चीत पाठ न टेकता बसायची सवय. त्या दिवशी मात्र ते खुर्चीत बसले ते मोडल्यासारखे.

“पोरगं आत हाय, साहेब,” ते म्हणाले.

हकीकत अशी होती. त्यांचा मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करून आखातात एका बांधकाम कंपनीत लागला होता. त्याला तिकडे नेलं होतं त्यांच्या जावयाने. जावई मलकापूरचा. कित्येक वर्षं तिकडेच मुकादमी करत होता. बायको आणि लहान मुलगी मलकापुरात, त्याच्या आईजवळ. काही आठवड्यांपूर्वी सुभेदारांच्या मुलाच्या गाडीने तिकडे एका सायकलवाल्याला उडवलं होतं. सायकलवाला जागीच गेला. गाडी पुढे कठड्याला आदळली, तरी न थांबता निघून गेली. पोलिसांनी नंबरावरून मुलाला पकडलं.

“तो काय म्हणतो?” मी विचारलं.

“कबूल केलंय त्यानं. तुरुंगातनं फोन आला तवा मला म्हणाला, आबा, मीच चालवत हुतो.” सुभेदारांनी घसा खाकरला. “चूक हुईल त्याच्याकडनं, साहेब. पण माणूस रस्त्यात टाकून पळंल, असं पोर न्हाई माझं.”

त्यांनी मोबाइलवर मुलाचा फोटो दाखवला. रुपेरी रंगाच्या मोटारीला टेकून उभा असलेला हसरा पोरगा. काच खाली केलेली होती आणि आतलं स्टिअरिंग डाव्या बाजूला दिसत होतं. मी फोटो निरखून पाहतोय म्हटल्यावर ते म्हणाले, “तिकडं उलटं असतं. गाडी रस्त्याच्या उजव्या अंगानं चालवायची. हा फोटो आला तवा गावात पेढं वाटलं मी.”

“इतक्या लवकर गाडी घेतली?”

“पैसं जावयानं घातलं. तिकडं बाहेरच्या माणसाला सहजी लायसन मिळत न्हाई. कागदावर काम काय लिवलंय, त्यावर ठरतंय म्हणं. जावई मजुराच्या व्हिसावर गेलेला. त्याला लायसन न्हाई आन त्याच्या नावावर गाडी बी होत न्हाई. पोरगं डिप्लोमावालं. म्हणून गाडी पोराच्या नावावर.”

“मग चालवायचं कोण?”

 सुभेदार टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “दोघं बी चालवत असतील.”

“जावई कुठं आहेत सध्या?”

“हितंच. मलकापुरात. त्या अपघाताच्या सुमारालाच तातडीची रजा काढून आले. कामावर पडले म्हणं, डाव्या खांद्याचं हाड मोडलंय.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली. ज्या माणसाने सीमेवर रात्री काढल्या, त्याला हे सुचलं नसेल असं मी मानत नाही. पण लेक दिलेल्या घराबद्दल बाप तोंडाने काय बोलणार? “जावयाबद्दल तसं कसं म्हणायचं, साहेब,” एवढंच ते म्हणाले. मी त्यांना परराष्ट्र खात्याकडे आणि तिथल्या आपल्या वकिलातीकडे अर्ज कसा करायचा ते सांगितलं. तक्रार द्यायला ते तयार नव्हते.

मी वरिष्ठांच्या कानावर विषय घातला. त्यांचं उत्तर सरळ होतं. “गुन्हा परदेशात, मयत परदेशात, आरोपी तिकडच्या कोठडीत. आपल्या हद्दीत काय घडलंय? मोटारसायकल चोऱ्या उघडकीला आणा आधी.” कायद्याने ते पूर्ण बरोबर नव्हते. भारतीय माणसाने परदेशात गुन्हा केला आणि तो इथे सापडला, तर इथे गुन्हा नोंदवता येतो. खटला चालवायला मात्र केंद्र सरकारची मंजुरी लागते. पण त्यासाठी कोणी तरी तोंड उघडायला हवं होतं.

ते उघडलं सुभेदारांच्या मुलीने.

काही दिवसांनी दुपारच्या वेळी एक बाई भाजीची पिशवी घेऊन ठाण्यात आली. पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. महिला हवालदाराने तिला माझ्याकडे आणलं. “बाजारला म्हणून आले. लवकर जायाला पायजे,” ती उभ्यानेच म्हणाली. ती मलकापुरात दिलेली, त्या जावयाची बायको.

मी तिला बसवलं. पाणी प्यायली आणि एकदम म्हणाली, “माझा भाऊ खोटं बोलतोय, साहेब. गाडी ह्यांनी चालवलीवती.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगंल कोण? मी ऐकलं. सासूबाई आन ह्ये सोप्यात बसलेवते. सासूबाई म्हणाल्या, ‘त्यो एकटा जीव हाय, ऱ्हाईल की दोन-चार वर्सं. तू गेलास तर पोरीचं काय?’ तवा ह्ये म्हणाले, ‘त्यो न्हाई बोलायचा. त्येला सांगिटलंय, तुझ्या बहिणीचं कुकू तुझ्या हातात हाय.’”

तिने हे सांगताना आवाज चढवला नाही. मला मात्र खुर्चीत बसवेना. एका पोराच्या बहिणीवरच्या मायेलाच कुलूप करून त्याच्या तोंडाला लावलं होतं.

“आणि खांदा?”

“पडलो म्हणत्यात. पण आल्यावर मी त्यांस्नी तेल लावलं. डाव्या खांद्यापासनं उजव्या कमरंपत्तोर काळानिळा वळ हुता. जानवं घालत्यात का न्हाई, तस्सा तिरका. पडल्यावर असा वळ उठतोय व्हय?”

मी माझ्या मनात तो वळ काढून पाहिला. तो सीटबेल्टचा होता, यात शंका नव्हती. पण आपल्या गाडीत चालक उजवीकडे बसतो, त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. डाव्या खांद्यावर पट्टा येतो तो शेजारी बसणाऱ्याच्या. क्षणभर मला वाटलं, म्हणजे हा शेजारीच होता! मग सुभेदारांनी दाखवलेला फोटो आठवला. डावीकडचं स्टिअरिंग. तिकडे डाव्या खांद्यावर पट्टा येतो तो चालकाच्या.

मी तिला परिणाम स्पष्ट सांगितले. जबाब दिलात तर सासर सुटेल, नवरा अटकेत जाईल, दोन्हीकडचे नातेवाईक तुम्हालाच दोष देतील. तिने ऐकून घेतलं. “आवं साहेब,” ती म्हणाली, “आन ज्यो मेला, त्याच्या घरात बी कोन तरी वाट बघत असंल की. त्याचं तर कुणी नावच काढंना.”

त्या सगळ्या प्रकरणात मेलेल्या माणसाचा विचार करणारी ही पहिली व्यक्ती. तिने जबाबावर सही केली, भाजीची पिशवी उचलली आणि गेली.

मी जावयाला चौकशीला बोलावलं. नोटीस गेली त्याच दिवशी त्यांच्या भागातला एक पुढारी माझ्यासमोर येऊन बसला. “साहेब, सासर-माहेरचा इषय हाय. घरातलं घरात मिटू द्या. त्या पोराला तिकडं काय फाशी न्हाई हुणार. सुटंल आज ना उद्या. हितं उगं पोरीचा संसार मोडंल.”

“खरंय,” मी म्हणालो. “मग त्या पोराच्या जागी तुम्ही जाऊन बसता का? तिकीट मी काढतो.”

पुढाऱ्याने चहा अर्धा टाकला आणि उठला.

जावई दुसऱ्या दिवशी आला. मला आजही राग येतो तो त्याच्या येण्याचा. नवी पांढरी मोटार स्वतः चालवत आला. आवारात ऐटीत वळवली, काळा चष्मा डोक्यावर सरकवला आणि किल्ली बोटात फिरवत पायऱ्या चढला. मेहुणा कोठडीत, सायकलवाला मातीत, आणि हा गडी गाडी फिरवतोय.

चौकशीत मी कधी ओरडत नसे. ओरडलं की आरोपीला आपल्याला काय माहीत नाही ते कळतं. मी त्याला चहा दिला, तिकडची हवा, तिकडचे रस्ते विचारले. तो खुलला. तिकडे पेट्रोल कसं स्वस्त, रस्ते कसे सरळ, हे अगदी रंगवून सांगितलं.

“गाडी चालवायचात?”

“न्हाई साहेब. आपल्याला लायसनच न्हाई तिकडचं. मेहुणाच चालवायचा.”

“खांदा कसा मोडला?”

“परांचीवरनं पडलो.”

“पडल्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका वळ उठतो?”

त्याने कप खाली ठेवला. वळाचं मला कसं कळलं, हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. चेहऱ्यावर आधी बायकोबद्दलचा संताप आला, मग भीती. असल्या माणसांचं असंच असतं. एक खोटं अंगावर आलं की ते लगेच दुसऱ्या खोट्याच्या आडोशाला जातात.

“खरं सांगतो साहेब. मी गाडीत हुतो. पण शेजारी बसलोवतो. मेहुणाच चालवत हुता. मी त्येला म्हणलं बी, थांब रं गड्या, थांब. पोरगं घाबरलं, थांबलंच न्हाई.”

“शेजारी म्हणजे कुठल्या बाजूला?”

“उजव्या. तिकडं डायवर डावीकडं असतोय.”

“सीटबेल्ट?”

“लावलावता. तिकडं लय कडक हाय.”

मी त्याला आवारात नेलं. आमची सरकारी जीप उभी होती. त्याला उजव्या बाजूच्या सीटवर बसवलं. “समजा, ही तिकडची गाडी. मेहुणा डावीकडे चालवतोय, तुम्ही उजवीकडे शेजारी बसलाय. लावा पट्टा.”

त्याने सवयीने पट्टा ओढला. उजव्या खांद्यावरून छातीवरून खाली आणला आणि डाव्या कमरेजवळ खटका लावला. मग त्याचा हात तसाच खटक्यावर राहिला. तो आपल्या छातीकडे बघत होता.

“डाव्या खांद्याचं हाड मग कशाने मोडलं?” मी विचारलं.

आवारात दोन-तीन अंमलदार उभे होते.  जीपमध्ये बसल्या बसल्याच तो रडायला लागला. रडणं पश्चात्तापाचं असतं तर मी हे आज वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं. तो म्हणाला, “साहेब, माझं बी बघा की. मला बायको हाय, पोरगी हाय. त्यो एकटा जीव. त्याच्या नावावर गाडी, त्याचं लायसन. तो आत गेला तर कमी शिक्षा. मला तर बिनलायसनचं म्हणून ठिवूनच घेतलं असतं. मी समद्यांचाच इचार केला.”

“आणि मेलेल्या माणसाचा?”

“त्यो? त्यो कोन नेपाळी हुता म्हणं,” तो नाक पुसत म्हणाला. नेपाळी होता म्हणजे हिशोब संपला, असा त्याचा सूर होता.

माझा हात उठला होता. तो मी कसा आवरला ते मलाच ठाऊक. स्वतः परक्या मुलखात वर्षानुवर्षं राहिलेला, तिथल्या लोकांनी खालच्या नजरेने पाहिलं म्हणून गावात येऊन गाऱ्हाणी सांगणारा हा माणूस. आपल्यासारखाच पोटासाठी आलेला दुसरा एक परका त्याने उडवला आणि आरशातसुद्धा मागे पाहिलं नाही.

पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून त्याला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं. त्यांनी त्याला विचार करायला वेळ दिला, पुन्हा विचारलं, आणि जबाब नोंदवला. गुन्हा दाखल झाला, मंजुरीसाठी कागद वर गेले. पण तिकडच्या न्यायालयासमोर पोरगा अजूनही ‘मीच चालवत होतो’ म्हणत होता. तो आपला शब्द सोडत नाही तोवर आमचे कागद तिथे फारसे उपयोगाचे नव्हते.

तुरुंगातून घरी फोन करायची त्याला अधूनमधून परवानगी मिळायची. त्या दिवशी मी पलूसकडे त्यांच्या घरी जाऊन बसलो. मुलगी तोवर माहेरी आली होती. म्हणजे सासूने तिची पेटी अंगणात ठेवली होती आणि ती लेकीला घेऊन एसटीने आली होती. फोन वाजला. सुभेदारांनी उचलला. मुलीने तो काढून घेतला आणि आवाज मोठा केला.

“बाळा, दाजींनी समदं सांगिटलंय. कोर्टापुढं. आता तू बी खरं सांग.”

 पलीकडून पोरगा म्हणाला, “आक्का, काय बी बोलू नगंस. मीच हुतो गाडीत.”

“कुणासाठी बोलतोस खोटं? माझ्यासाठी? माझ्या कुकवासाठी तू आत बसायचं, आन मी हितं कुकू लावून आरशात बघायचं? जमणार न्हाई मला.”

“तुझं काय हुईल मग?”

“माझं मी बघीन. तू घरला ये.”

त्या पोराचा रडण्याचा आवाज आला. लहान मुलासारखा, हुंदके देत. “मी दाजींस्नी किल्ली नगं म्हणालोवतो, आक्का,” तो म्हणाला. “ते म्हणाले, तुझ्या नावावर हाय म्हणून माज आला व्हय रं?” सुभेदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पोराने वकिलातीच्या माणसासमोर जबाब बदलला. घटनेच्या वेळी तो कंपनीच्या जेवणघरात होता, हे सांगायला त्याच्याबरोबरचे कामगार पुढे आले. तोवर त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. आरोपी कबूल आहे म्हटल्यावर कुठलंही पोलीस खातं पुढे खणत नाही. ते तिकडचंच नव्हे, इकडचंही दुखणं आहे. मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला. मात्र विनापरवाना माणसाला गाडी दिली आणि न्यायालयाशी खोटं बोलला, याबद्दल त्याला शिक्षा झाली. ती भोगून तो कायमचा परत पाठवला गेला. ती शिक्षा मला अन्यायाची वाटत नाही.

इकडे मंजुरी यायला इतका वेळ लागला की तोवर मी निवृत्त झालो. खालच्या कोर्टात जावयाला शिक्षा लागली, त्याने अपील केलं आणि जामिनावर बाहेर आला. मलकापुरात तो आजही पांढरी गाडी फिरवतो, असं ऐकतो.

आपल्याकडे ‘नावावर घेणं’ हा शब्द किती सहज वापरतात! जमीन बायकोच्या नावावर, गाडी मेहुण्याच्या नावावर, दुकान भावाच्या नावावर. आपल्या देशात तलाठी ओळखीचा असतो, हवालदार ओळखीचा असतो, कोणी तरी सांभाळून घेतं. परक्या देशात तुमचं नाव हीच तुमची सगळी ओळख. ती दुसऱ्याला वापरायला दिलीत की त्याच्या पापाचे धनी तुम्ही. बाहेर जाणाऱ्या पोरांना मी हे जिथे संधी मिळेल तिथे सांगतो.

पण या प्रकरणाने मला शिकवलं ते याहून कडू आहे. ‘घरातलं घरात’ म्हणताना घरातल्या सर्वात गरीब स्वभावाच्या माणसाचा बळी आधीच ठरलेला असतो. आणि त्याच्या बाजूने जो उभा राहतो, त्याला गाव माफ करत नाही.

पोरगा परत आला तेव्हा गावातल्या मंडळींनी त्याचा सत्कार ठरवला. मलाही निरोप आला. बहिणीला बोलावलंय का, असं मी विचारलं. निरोप्या चाचरला. “तिला कसं बोलवायचं, साहेब? नवऱ्याला आत घातलेली बाई. लोक नावं ठेवतील.” मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, थेट सुभेदारांच्या घरी.

पोरगा वाळला होता. मला म्हणाला, मेलेल्या माणसाचं नाव त्याला तिथल्या कोर्टातच पहिल्यांदा समजलं. ते तो विसरलेला नाही. सुभेदारांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, घेवड्याची आमटी. मुलगी वाढत होती. तिने पलूसमध्ये शिवणकाम सुरू केलं होतं. गावातल्या बायका तिच्याकडे ब्लाउज टाकत, पण हळदीकुंकवाला बोलवत नसत.

मी तिला विचारलं, “ताई, पस्तावलात का कधी?”

तिने भाकरी माझ्या ताटात टाकली. 

“न्हाई, साहेब,” ती म्हणाली. “फकस्त एकाच गोष्टीचं वाईट वाटतंय. समदी म्हणत्यात, हिनं नवऱ्याला आत घातलं. हिनं भावाला बाहेर काढलं, असं अजून एकानं बी म्हणलं न्हाई.”

ताटावर बसलेला तिचा भाऊ मान खाली घालून जेवत होता. त्याचा हात थांबला. मीही जेवण थांबवलं आणि त्याच्याकडे पाहत राहिलो, तो काही बोलेपर्यंत.

“मी म्हणतो की, आक्का,” तो म्हणाला.